नाव झाकल्यावर

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या टेबलावर उभ्या आहेत. प्रत्येकीवर स्केचपेननं एक आकडा. एका मित्रानं बाटल्या गुंडाळल्या, दुसऱ्यानं त्या खोलीत एकट्यानं जाऊन मागेपुढे केल्या आणि मग आकडे टाकले. त्यामुळे कुठल्या आकड्यामागे काय दडलं आहे, हे दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. बुचावरचं रंगीत वेष्टण आधीच सोलून काढलेलं आहे. कागदही मुद्दाम सैल गुंडाळलेला, कारण बाटलीचे खांदेसुद्धा चुगली करतात: बारोलो वाइनची बाटली बहुधा उतरत्या खांद्यांची, कियांतीची ताठ खांद्यांची. खोलीत उदबत्ती नाही, मोगऱ्याचा गजरा नाही, कुणी अत्तर लावून आलेलं नाही. पेल्यात जेमतेम दोन घोट. नियम एकच: पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, जे वाटेल ते कागदावर लिहायचं.

मित्रमंडळी जमवून इटालियन रेड वाइनचं असं ब्लाइंड टेस्टिंग करतात तेव्हा सुरुवातीला सगळे हसत असतात. दहा मिनिटं संपता संपता खोली शांत झालेली असते. समोर पेय आहे, जीभ शाबूत आहे, पण नाव नाही. आणि नावाशिवाय माणसाला आपल्याच जिभेचा भरवसा वाटेनासा होतो. ही अस्वस्थता वाइनपुरती नाही. माणसाला वस्तू कळते ती थेट, की नावाच्या दारातूनच, या प्रश्नावर भारतात दीड हजार वर्षांपूर्वी मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आयुष्यं वेचली आहेत.

पाचव्या शतकाच्या सुमाराला भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त अशी भूमिका घेतली की शब्दाचा स्पर्श न झालेलं ज्ञानच या जगात नाही, आपल्याला जे जे कळतं ते शब्दानं ओवलेलंच असतं. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाचं म्हणणं नेमकं उलट. त्याच्या मते प्रत्यक्ष म्हणजे नाव, जात, गुण यांची कल्पना चिकटण्याआधीचं ज्ञान. नाव चिकटलं की ते प्रत्यक्ष उरत नाही. न्यायदर्शनात पुढे वाचस्पती मिश्रांसारख्या पंडितांनी दोन पायऱ्या मानल्या: आधी निर्विकल्पक, म्हणजे ‘काहीतरी आहे’ एवढंच नुसतं भान, आणि मग सविकल्पक, म्हणजे ‘हे अमुक आहे’ अशी ओळख. कागदात गुंडाळलेली बाटली पहिल्या पायरीवर माणसाला थोडा वेळ रोखून धरते. एरवी ती पायरी आपण कधी ओलांडली हेही ध्यानात येत नाही.

इटलीच्या वाइन या प्रयोगाला फार चांगल्या, कारण तिथे नावांचा गुंता विलक्षण आहे. मोंतेपुल्चानो हे टस्कनीतल्या एका गावाचं नाव आणि एका द्राक्षाचंही. पण त्या गावची नामांकित वाइन मोंतेपुल्चानो द्राक्षाची नसतेच, ती मुख्यतः सांजोवेझेची. तेच सांजोवेझे मोंताल्चिनोत ब्रुनेल्लो म्हणून ओळखलं जातं, स्कान्सानोत मोरेल्लिनो म्हणून. एका वस्तूची अनेक नावं आणि एका नावाच्या दोन वस्तू, असं दोन्ही एकाच देशात. त्यातून सांजोवेझे या शब्दाचा अर्थही ज्युपिटर देवाचं रक्त असा सांगितला जातो. एवढं भारदस्त नाव कानावर पडल्यावर पेल्यातल्या पेयाकडे कोऱ्या मनानं पाहायचं तरी कसं?

नाव जिभेवर किती राज्य करतं, याचे पुरावे प्रयोगशाळेतही मिळाले आहेत. फ्रान्समध्ये बोर्दो इथे 54 जणांना एक व्हाइट वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. या प्रयोगाची बातमी पुढे ‘तज्ज्ञांना लाल-पांढरं कळत नाही’ अशा थाटात फिरली. हा त्या माणसांवर अन्याय आहे. ते विद्यार्थी होते, आणि त्यांना फसवलं होतं ते डोळ्यांनी. लाल दिसलं, म्हणून मनात लाल फळांचे शब्द आले, आणि नाकानं त्या शब्दांच्या मागे जाऊन वास शोधला. भर्तृहरीला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

2008 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला प्रयोग आणखी खोल जातो. वीस माणसांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना काबर्ने वाइनचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाआधी तिची किंमत सांगितली. एकच वाइन कधी 10 डॉलरची म्हणून आली, कधी 90 डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली, असं लोक म्हणाले. इथवर कुणीही अंदाज केला असता. पण सुखाशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागात हालचालही खरोखरच वाढली होती. म्हणजे ती माणसं दिखाव्यासाठी खोटं बोलत नव्हती. त्यांना झालेला आनंद खरा होता, मात्र तो पेल्यातून आलेला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे उघड सांगितलेल्या आकड्यानंच लाख मोजून घेतले.

मग चव म्हणजे नुसता भास? ज्याला जे आवडेल ते त्याचं खरं, एवढंच म्हणून थांबायचं? कॅलिफोर्नियातल्याच एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली, तेव्हा दहांतल्या जेमतेम एकालाच तीनही वेळा जवळपास सारखे गुण देता आले. असे आकडे वाचून पुष्कळांना हायसं वाटतं. तज्ज्ञांना नावं ठेवायला निमित्त मिळतं. (मराठीत बाळाचं नाव ठेवतात आणि शेजाऱ्यालाही नावं ठेवतात; नामकरण आणि निंदा यांना एकच क्रियापद पुरतं, हे विचार करण्यासारखं आहे.)

पण थांबायची घाई नको. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं 1757 साली रसिकतेच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट येते. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातली वाइन चाखायला बोलावलं. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित कातड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची चव येते. लोक दोघांवरही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, कातड्याची वादी बांधलेली. ह्यूमचा मुद्दा साधा आणि भक्कम आहे: किल्ली सापडली नसती तरी ती पिंपात होतीच. हसणाऱ्यांची जीभ बोथट होती, म्हणून चव खोटी ठरत नाही.

वाइनमध्ये अशा किल्ल्या खरोखर असतात. पिएमोंतेतल्या नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो घ्या. रंगाला इतकी फिकी की पाहणारा तिला हलकी समजतो. आणि घोट घेताच हिरड्या आवळून येतात. हा तुरटपणा टॅनिनचा. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्या सहा रसांत तुरट हा स्वतंत्र रस आहे. आवळा, सुपारी, कच्चं केळं यांनी तो जिभेवर कोरून ठेवलेला असतो. पाश्चात्त्य शास्त्रात त्याला मूळ चवींत जागा नाही, तिथे तो स्पर्शाकडे जमा होतो. त्याच टेबलावर त्याच भागातली बार्बेरा ठेवली, तर ती गडद दिसते, आंबट लागते आणि तुरटपणा जवळजवळ नाही. हा फरक कुणाच्या मानण्यावर अवलंबून नाही. नवख्या मित्रालाही तो नाव न सांगता कळतो, आणि कळला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो किमतीच्या चिठ्ठीनं मिळत नाही.

नाव झाकल्यानं न्याय झाल्याचं इटलीतलं सर्वांत ठळक उदाहरण सास्सिकायाचं. टस्कनीच्या किनाऱ्याजवळ बोल्गेरीला मारियो इन्चीझा देल्ला रोक्केत्ता या उमरावानं काबर्नेचे वेल लावले होते. बरीच वर्षं ती वाइन घरच्यांपुरतीच राहिली. 1968 च्या सुगीपासून ती बाजारात आली. इटलीच्या नियमांच्या चौकटीत काबर्नेची ही वाइन बसत नव्हती, म्हणून तिच्या लेबलावर सर्वांत खालचा दर्जा छापावा लागे: ‘टेबल वाइन’. 1978 मध्ये लंडनला डिकँटर मासिकानं जगभरातल्या काबर्ने वाइन झाकून चाखल्या, तेव्हा पहिली आली ती 1972 ची सास्सिकाया. लेबल उघडं असतं तर ते ‘टेबल वाइन’ आधी वाचलं गेलं असतं. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इथे उलटी करावी लागते.

एवढ्यावर निकाल दिङ्नागाच्या बाजूनं लावावासा वाटतो. तसं करू नये, आणि त्याचं कारण दुःखद आहे. 1986 च्या मार्चमध्ये इटलीत वाइन पिऊन माणसं मरू लागली. स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळलं होतं. वीसहून अधिक जण दगावले, काहींची दृष्टी गेली. मिथेनॉल जिभेला ओळखता येत नाही. तिथे कितीही कसलेला चाखणारा असता तरी त्याचं प्रत्यक्ष त्याला वाचवू शकलं नसतं. वाचवू शकला असता तो फक्त बाटलीवरचा खरा शब्द.

नैयायिकांनी प्रत्यक्षाच्या पंगतीला शब्दही प्रमाण म्हणून बसवला तो याचसाठी. मात्र त्यांची अट कडक आहे: बोलणारा आप्त हवा, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा. वाइनचं लेबल हे आप्तवाक्य असायला हवं. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनोच्या नावात एक वचन आहे: द्राक्ष फक्त सांजोवेझे, आणि सुगीनंतरचं पाचवं वर्ष उजाडेपर्यंत विक्री नाही. 2008 मध्ये काही उत्पादकांनी त्यात दुसरी द्राक्षं मिसळल्याचा संशय आला, चौकशी बसली, साठे अडवले गेले. मिश्रणामुळे ती वाइन चवीला वाईट झाली होती, असा आरोप नव्हता. कदाचित काहींना ती अधिकही आवडली असती. तक्रार दिलेला शब्द मोडल्याची होती. त्याच वर्षी मोंताल्चिनोच्या उत्पादकांनी प्रचंड बहुमतानं ठरवलं, नियम बदलायचा नाही, शंभर टक्के सांजोवेझेच. त्यांचा निर्णय योग्य होता.

म्हणून टेबलावरचे कागद फाडण्याचा क्षण टाळू नये. तो उशिरा यावा, एवढंच. दहा मिनिटांचा मौनाचा नियम पाळायचा तो याच क्रमासाठी, कारण पहिला जो बोलतो त्याचा शब्द उरलेल्यांची चव होऊन बसतो. त्यातही घरचा जाणकार पहिला बोलला तर संध्याकाळ तिथेच संपली. सगळ्यांचं लिहून झालं, गुण मांडून झाले, वाद घालून झाले की एकेक कागद काढावा आणि त्याच पेल्यातला उरलेला घोट आता नावासह घ्यावा. हा दुसरा घोट वेगळा लागतो. चार नंबरची ‘कडक, रुक्ष’ म्हणून बाजूला सारलेली वाइन दक्षिणेतल्या कांपानियाची ताउराझी निघते, आल्यानिको द्राक्षाची. ती निवायला वर्षं लागतात हे कळतं आणि त्या रुक्षपणाला अर्थ येतो. इथे नावानं चव बदलली, पण फसवणूक झाली नाही, कारण पहिला घोट काय म्हणाला होता ते कागदावर शाईनं लिहिलेलं आहे. पहिल्या घोटाची नोंद न ठेवता नावाला शरण जाणं आणि नोंद ठेवून नावाचं ऐकणं, यांत फार मोठं अंतर आहे.

हे घरी करून पाहायला अवघड नाही. सहा बाटल्या दहा-बारा जणांना पुरून उरतात. रेड वाइन 16 ते 18 अंशांवर असावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे तिला उकडून काढणं, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. सोबत साधा पाव, भरपूर पाणी, आणि ज्याला थुंकायचं आहे त्याच्यासाठी एक भांडं. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि यजमानानं सातवी बाटली म्हणून, कुणालाही न सांगता, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची एक सांजोवेझे कागदात गुंडाळून ठेवावी. तिथे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली हेच द्राक्ष लावलं गेलं आहे. तिचा कागद सगळ्यांत शेवटी काढा.