दोन बोटांचा फरक

आमचे थोरले बंधू अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या सन सिटीत राहतात. १९६० साली खास निवृत्तांसाठी वाळवंटात उघडलेली ही वसाहत. तिथे 'बोची' खेळतात. खेळ मूळचा इटलीचा, पण नात्याने आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ. एक लहान चेंडू टाकायचा आणि दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू त्याच्या जवळ न्यायचे. मात्र 'कुठे' खेळायचं यापेक्षा 'किती वाजता' खेळायचं हे महत्त्वाचं. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांपुढे गेला होता!

म्हणून आम्ही सकाळीच गेलो. समोर ऐंशीचे एक आजोबा. शेवटचा गुण. आजोबांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "तुमचाच जवळ!" मी वाकून पाहिलं. त्यांचा चेंडू चांगला दोन बोटं जवळ होता.

आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? दहा रुपयांच्या फरकासाठी बँकेत रात्री आठपर्यंत बसणारा मी! मुकाट्याने टेप मागवली. आजोबा जिंकले, पण चेहरा काही खुलला नाही.

परतताना दादा म्हणाला, "अरे, त्यांची नजर उत्तम आहे. पाहुण्याला ते नेहमीच जिंकू देतात."

आता तुम्हीच सांगा, माझं खरं मोठं की त्यांचं खोटं? बँकेतला फरक रात्री उशिरा का होईना, सापडतो. हा अजून सापडलेला नाही.