पूर्वजांचे कर्ज आणि दोन मित्र

सरकारी कर्जाविषयी इंग्लंड-अमेरिकेतील परंपरानिष्ठ विचारवंतांच्या मनात जी खोल साशंकता पिढ्यानपिढ्या वसत आली आहे, तिचा उगम काटकसरी गृहस्थाच्या स्वभावात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा इतिहास शांतपणे न्याहाळला म्हणजे तिच्या मुळाशी हिशेबाहून न्यायाचा प्रश्न अधिक प्रबळ असल्याचे दिसते, आणि त्या प्रश्नाला आकार देण्यात ग्रंथांइतकाच मित्रांच्या पत्रव्यवहाराचाही वाटा असल्याचे आढळते.

आरंभीची भीती दिवाळखोरीची होती. डेव्हिड ह्यूमने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे भाकीत केले की, कर्ज काढण्याची ही पद्धत अशीच चालू राहिली तर राष्ट्र आणि त्याची पत या दोहोंपैकी एकाचा नाश अटळ आहे. त्याचा परममित्र अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली त्यात अनुभवाची भर घातली : एका मर्यादेपलीकडे साचलेले राष्ट्रीय कर्ज प्रामाणिकपणे फेडले गेल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते, आणि नाणे हिणकस करून सावकाराला फसविण्याची युक्तीच राज्यकर्ते बहुधा पत्करतात. दोघांचाही इशारा सार्थ होता. तथापि कर्ज काढण्याचा अधिकार मुळात कोणाला, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती नव्हता.

तो प्रश्न थॉमस जेफर्सनने विचारला. फ्रान्सच्या दरबारी अमेरिकेचा वकील म्हणून राहत असता, राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, ६ सप्टेंबर १७८९ रोजी त्याने जेम्स मॅडिसनला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. पृथ्वीचा उपभोग जिवंत माणसांचा आहे, तिच्यावर मृतांची सत्ता चालू शकत नाही, असा सिद्धान्त मांडून त्याने एक कल्पित दाखला दिला : फ्रान्सच्या राजांनी जिनोव्हाच्या सावकारांकडून इतकी अफाट रक्कम उचलली की तिच्या व्याजात देशातील सगळ्या जमिनींचे उत्पन्न बुडावे, तर हयात असलेल्या फ्रेंच रयतेने आपली भूमी सोडून चालते व्हावे काय? मग ब्युफाँच्या मृत्युगणनेच्या कोष्टकांवरून त्याने पिढीची मुदत एकोणीस वर्षे ठरविली आणि त्या मुदतीत फिटणार नाही असे कर्ज काढण्याचा हक्क कोणत्याही पिढीला नाही, असा निर्णय दिला.

मॅडिसनने ४ फेब्रुवारी १७९० रोजी दिलेले उत्तर मी मैत्रीचा एक उत्तम नमुना मानतो. मित्राच्या विचाराची भव्यता त्याने मनापासून मान्य केली आणि नंतर त्याच आदराने त्यातील एकेक सांधा तपासला. मृतांनी केलेल्या सुधारणा जर जिवंतांना वारशाने मिळतात, तर त्या सुधारणांचे ऋणही त्यांच्यावर येते. परचक्र परतवून लावण्यासाठी काढलेले कर्ज तर मुख्यतः पुढच्या पिढ्यांच्याच हिताचे असते, मग त्याचा भार त्यांनी का वाहू नये? स्तुतीच्या अपेक्षेने लिहिलेल्या पत्राला असे उत्तर आले असते तर तेथेच स्नेह आटला असता. येथे तो पुढे छत्तीस वर्षे वाढतच गेला.

त्याच वर्षी एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतीवरील आपल्या ग्रंथात समाज म्हणजे मृत, जिवंत आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी असल्याचे प्रतिपादन केले. जेफर्सनच्या भूमिकेच्या हे अगदी विरुद्ध. तरीही पुढील परंपरानिष्ठांनी दोन्ही विचार एकत्र बांधले, आणि मला ते योग्यच वाटते, कारण भागीदारीतला जो भागीदार अजून जन्मालाच आला नाही, त्याच्या नावाने दस्तऐवज लिहून देताना इतरांनी अधिक जपले पाहिजे.

पुढे राज्यकारभाराने जेफर्सन आणि मॅडिसन या दोघांचीही परीक्षा पाहिली. जेफर्सनच्या अमदानीत, खजिन्याचा कारभारी आल्बर्ट गॅलाटिन याच्या दक्षतेमुळे, राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरांवरून ५ कोटी ७० लाखांपर्यंत उतरले. परंतु १८०३ साली लुइझियानाचा मुलूख घेण्यासाठी १ कोटी साडेबारा लाखांचे रोखे त्यालाही काढावे लागले. मॅडिसनच्या कारकिर्दीत इंग्लंडशी युद्ध जुंपले आणि १८१६ पर्यंत कर्ज १२ कोटी ७० लाखांवर चढले. मित्राला पत्रात सांगितलेला अपवाद त्याला स्वतःच्या सहीने अमलात आणावा लागला.

१७ फेब्रुवारी १८२६ रोजी, मृत्यूच्या काही महिने आधी, जेफर्सनने मॅडिसनला जे पत्र लिहिले, त्यात स्वतःच्या कर्जाच्या विवंचना आहेत आणि अर्धशतकाच्या मैत्रीबद्दलची कृतज्ञताही आहे. माझ्यामागे माझी काळजी घे, असे आर्जव त्यात आहे. मॅडिसनने उत्तरात आपलीही आर्थिक ओढाताण मोकळेपणाने सांगितली. मात्र या स्नेहाचे कौतुक करताना पुढची हकीगत गाळणे अन्यायाचे होईल. जेफर्सन लाखाहून अधिक डॉलरांचे देणे ठेवून वारला आणि १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलो येथील त्याच्या मालमत्तेचा लिलाव पुकारला गेला, त्यात गुलाम म्हणून बाळगलेली सुमारे १३० माणसे विकली गेली. कर्जात ज्यांची संमती कोणी विचारली नव्हती, त्यांची कुटुंबे त्या कर्जापायी फुटली. मृतांचे देणे जिवंतांवर बसू नये असे ज्याने लिहिले, त्याच्याच दारी घडलेल्या या अन्यायाइतका त्या सिद्धान्ताचा जळजळीत पुरावा दुसरा नाही.

विसाव्या शतकात केन्सच्या अनुयायांनी देशांतर्गत कर्ज म्हणजे आपणच आपल्याला दिलेले देणे, म्हणून त्याचा भार पुढे सरकत नाही, असे शिकविले. जेम्स ब्यूकॅनन याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात त्याचे खंडन केले : आज रोखे घेणारा आपखुषीने पैसे देतो, त्याच्यावर जुलूम होत नाही, जुलूम उद्याच्या करदात्यावर होतो, कारण कर सक्तीने वसूल होतो आणि कर्जाच्या ठरावाच्या वेळी त्याचे मत घेतलेले नसते. जेफर्सनचा संमतीचा प्रश्न येथे अर्थशास्त्राच्या भाषेत परत आला. सरकारची कर्ज काढण्याची सत्ताच घटनेने काढून घ्यावी, अशी इच्छा जेफर्सनने १७९८ साली जॉन टेलरला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. १९७७ साली ब्यूकॅनन व रिचर्ड वॅग्नर यांनी समतोल अंदाजपत्रकाची घटनादुरुस्ती सुचविली, तेव्हा बंधन जेफर्सनच्या वळणाचे घातले आणि राष्ट्रीय आणीबाणीपुरती सवलत ठेवून मॅडिसनचा आक्षेपही तिच्यात सामावून घेतला.