पगार एकाचा, माया दुसऱ्याची : मग निष्ठा कुणाशी?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गाणगापूरला जाणारे आपण सगळे. त्याच मुलखातल्या सुरपूरची ही गोष्ट आहे. तेव्हा त्याला शोरापूर म्हणायचे, आता ते यादगीर जिल्ह्यात येतं. घरातल्या लेकरांनाही वाचून दाखवा.

फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या फौजेत होता. त्याने लग्न केलं ते हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी, मेरीशी. पामरांची आई मुसलमान बेगम होती. म्हणजे साहेबाच्या घरातच दोन मुलूख एकत्र नांदत होते. मेरीबाई 1857 च्या आधीच वारल्या, पण साहेबाचा इथल्या माणसांशी जडलेला जीव तसाच राहिला.

1841 च्या सुमारास टेलर शोरापूरला आला. गादीचा वारस व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान होता. कारभार टेलरने पाहिला आणि मुलाला डोळ्यांसमोर वाढवलं. मुलगा त्याला 'अप्पा' म्हणायचा. 1853 मध्ये राज्य राजाच्या हाती देऊन टेलर तिथून निघाला.

पुढे 1857 चा वणवा पेटला. टेलर तेव्हा वऱ्हाडात बुलढाण्याला होता. 1858 च्या फेब्रुवारीत व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. हार झाली, तो हैदराबादला पळाला आणि तिथे पकडला गेला. अप्पा त्याला कैदेत भेटायला गेले. एका बाजूला सरकारची चाकरी, दुसऱ्या बाजूला स्वतः वाढवलेलं लेकरू. काय करावं माणसाने?

टेलर भेटीला गेला, हे आम्हाला मोठं वाटतं. ओळख दाखवली तर वरचे काय म्हणतील, या भीतीने तोंड फिरवणारे आपण रोज बघतो. पण याच भेटीत एक गोष्ट टोचते. कुणाच्या सांगण्यावरून उठलास ते रेसिडेंटसाहेबांना सांग, म्हणजे दया होईल, असं अप्पांनी सुचवलं. त्यात माया होती, खोटेपणा नव्हता. तरी मायेच्या हाताने सरकारचं काम चाललं होतं. राजाने नकार दिला. जीव वाचवायला आपल्या माणसांची नावं तो देणार नव्हता. मरायचंच असेल तर चोरासारखं फासावर नको, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच त्याचं मागणं. हे टेलरनेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण चेंगलपट्टूला नेताना वाटेतच, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने राजाचा अंत झाला. वय अवघं चोविसाच्या आसपास.

मंडळी, अशी ओढाताण आपल्याही घरात असतेच. मुलगा पोलिसात आणि चुलता मोर्चात. भाचा बँकेत आणि मामाचं कर्ज थकलेलं. लेक भालकीची, सासर उदगीरचं. माहेरात भांडण लागलं की जावयाला विचारतात, 'तुम्ही कुणाकडून?'

आम्हाला वाटतं, अशा वेळी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, आपण कुठे उभे आहोत ते दोन्हीकडे खरं सांगावं. दुसरी, बाजू घेता आली नाही तरी माणूस सोडू नये, कैदेतल्यालाही भेटावं. तिसरी सगळ्यात अवघड. नात्याचं बोट धरून मालकाचं काम काढून घेऊ नये. भाच्याने वसुलीची नोटीस द्यावी, ते त्याचं कामच आहे. पण मामींच्या जवळ बसून, जेवताना गोड बोलून, शेत कुणाच्या नावावर केलं ते काढून घेऊ नये.

अप्पांनी चाकरी राखली आणि माया पण राखली. पण दोन्ही एकाच भेटीत मिसळल्या, तेव्हा त्या वेगळ्या ठेवल्या त्या लेकरानेच. अप्पांवरची माया त्याने कमी केली नाही आणि आपल्या माणसांची नावंही दिली नाहीत.

आज रात्री घरात एकत्र बसाल तेव्हा यावर जरूर बोला. थोरांनी आधी लहानांचं ऐकून घ्यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥