लसीचे गणगोत

विषाणू जनावरांकडून माणसांत येतात, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. उलट्या वाटेचा विचार मात्र क्वचितच होतो, आणि तिचा पुरावा महाराष्ट्रातल्या म्हशींच्या कासेवर आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली ही लस आधी एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेली जाई. पुढे ती वासरांच्या कातडीवर वाढवू लागले. त्याची खूण म्हणून बेळगावात 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव अजून टिकून आहे. लसीतला विषाणू जिवंत असे. टोचल्या जागी फोड येई, त्याच्या पाण्यात आणि खपलीत तो उतरे, आणि तेच हात गोठ्यात धार काढायला बसत. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले, लस त्याआधीच बंद होत आली होती. तरीही २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागात म्हशींच्या सडांवर आणि धार काढणाऱ्यांच्या बोटांवर सारखेच फोड उठले. या म्हैसदेवीच्या विषाणूची जनुके तपासली, तर वंशवृक्षात तो लसीच्या विषाणूच्याच कुळात बसतो.

यावर रास्त आक्षेप असा की, नाते सिद्ध झाले म्हणून प्रवासाची दिशा सिद्ध होत नाही. असा विषाणू म्हशींत आधीपासूनही असू शकेल. ती शक्यता पूर्णपणे खोडता येत नाही. पण म्हशींतल्या या रोगाची जुनी नोंद १९३४ ची, म्हणजे लस येऊन शतक उलटल्यानंतरची आहे. शिवाय ब्राझीलमध्ये १९९९ साली दुभत्या गाईंत आणि गवळ्यांत सापडलेला कँटागालो विषाणूही लसीच्याच कुळातला निघाला. दोन खंडांत एकच गोष्ट घडावी, हा निव्वळ योगायोग मला पटत नाही.

नाते म्हणजे धोका, असे समजून जनावरांना लांब ठेवा म्हणणारेही आहेत. मग गुरांच्या लंपी विषाणूचे काय? तोही देवीच्याच मोठ्या घराण्यातला, पण दूरचा. २०२२ मध्ये दुधाबद्दल अफवा उठल्या, तरी माणसाला तो होत नाही. उलट, जवळच्या नात्यामुळेच लस देवीला अडवू शकली. लस थांबल्यावर जन्मलेल्यांकडे ते संरक्षण नाही. म्हणून माणूस आणि जनावर दोघांवर एकत्र लक्ष हवे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय आणि हाफकिन संस्था शतकाहून अधिक काळ शेजारी आहेत. गवळ्याच्या बोटावरचा फोड आणि त्याच्या म्हशीच्या सडावरचा फोड यांचे नमुने एकाच टेबलावर तपासायला अंतराची अडचण नाही.