परक्या भूमीत घर बांधताना



सप्टेंबरचा शेवटचा रविवार ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांसाठी पाळते. आपल्याला त्यांची आठवण करायला दूर जायला नको. कल्याणनंतर विठ्ठलवाडी आणि त्यापुढे उल्हासनगर.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धातील लष्करी बराकींत, म्हणजे ‘कल्याण कॅम्प’मध्ये ठेवण्यात आले. खात्यापित्या घरची माणसे रेशनच्या रांगेत उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कॅम्पचे उल्हासनगर झाले. घरोघरी पापड लाटले गेले, बाजार उभे राहिले, शाळा-कॉलेजे निघाली. जमीन सुटली, पण उपासना सुटली नाही. झुलेलालाचा ४० दिवसांचा ‘चाळिहो’ आजही तेथे पाळला जातो.

या कष्टांचे कौतुक करताना आपण त्यामागचे दुःख मात्र विसरतो. अनेक वडीलधाऱ्यांनी मागे राहिलेल्या घराविषयी मुलांजवळ चकार शब्द काढला नाही. कामात दुःख दबते, पण नाहीसे होत नाही.

पवित्र शास्त्र दोन्ही गोष्टींना जागा देते. १३७ व्या स्तोत्रात बाबिलोनच्या नदीकाठी बंदिवान रडतात, गाणे गायला नकार देतात. देव त्यांना गप्प करीत नाही. त्यांचा आक्रोश, अगदी संतापासकट, प्रार्थना म्हणून जपला गेला. अशाच बंदिवानांना यिर्मया संदेष्टा पत्र पाठवतो (अध्याय २९): घरे बांधावीत, मळे लावावेत, जेथे आहात त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करावी. म्हणजे दुखावलेल्या माणसाला रडायला खांदा हवा आणि हाताला कामही हवे.

बाळ येशूला घेऊन योसेफ व मारिया रातोरात इजिप्तला गेले. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी या पवित्र कुटुंबाला प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श म्हटले. इजिप्तमध्ये कोणी तरी त्यांना शेजार दिला असेलच ना?

आज आपल्या चाळीत, इमारतीत कोणी गाव गमावून येतो, कोणी दंगलीतून, कोणी पुरातून. आपण चटकन म्हणतो, “झालं गेलं विसरा.” या आठवड्यात तसे म्हणू नका. त्यांच्या घरी जा, नाव विचारा, गावाविषयी विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. आणि ‘उल्हासनगरचा माल’ म्हणून हसण्याआधी त्या बराकी आठवा.

हे प्रभो, तूही निर्वासित होतास. आमच्या दाराशी आलेल्यांत तुला ओळखण्याची कृपा आम्हांस दे. आमेन.