घोडीचं रात्रिभोजन

डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे घोडा म्हटला की माणसांना शिमगा आठवतो. घोडेमोडणीतला लाकडी घोडा कमरेला बांधायचा, हातात तलवार घ्यायची, ढोल-ताशावर नाचायचं, आणि शिमगा सरला की ठेवून द्यायचा. त्याला ना दाणा लागतो ना पाणी. माझ्या बहिणीच्या मुळगावच्या परड्यात मात्र खरी घोडी आली, आणि तिच्या खाण्यावरून आमच्यात जो वाद झाला तो मला दशलक्षणातल्या प्रवचनांपेक्षा जास्त दिवस पुरला.

घोडी भाच्यानं आणली. शर्यतीतून काढलेली, उंच, तांबूस, आणि बरगड्या लांबून मोजाव्यात इतकी वाळलेली. त्यात स्वभाव भडक. रस्त्यावरून ट्रक गेला की कान टवकारायची, भिंतीकडेनं येरझाऱ्या घालायची, आणि पुढ्यातली बादली लाथेनं उडवायची. भिजवलेले हरभरे, जव, गव्हाचा कोंडा, सगळं अक्कानं करून पाहिलं. दोन तोंडं खायची नि मान फिरवायची. जे खाल्लं तेही अंगी लागत नव्हतं. मग अक्का आणखी दाणा वाढवायची. मग घोडी आणखी नाचायची.

आपल्या बायकांची ही जुनी खोड. जो जेवत नाही त्याच्यासमोर आपण ताट मोठं करतो. अक्कानं शेवटी गूळ-तूप घालून शिरासुद्धा केला होता, हे ती आता कबूल करत नाही. पण यात ती एकटी नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडला. त्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तूप घातलेली खिचडी शिजवून देतात. त्याच्या आधी दोनशे वर्षं मार्को पोलोनं दक्षिणेत घोड्यांना शिजवलेला भात, तोही मांसाबरोबर, घातलेला पाहिला आणि इथं घोडे जगत का नाहीत याचं कोडं सोडवलं. होर्मुझहून गोव्याच्या बंदरात अरबी घोडे उतरायचे, विजयनगरपर्यंत जायचे, केवढं मोल देऊन घेतलेले! आणि मालकाला चांगलं वाटेल ते त्यांना खावं लागायचं.

डॉक्टर आले त्यांनी आधी तोंड उघडून दाढा पाहिल्या. कडा सुऱ्यासारख्या झाल्या होत्या, गाल आतून सोलला होता. नखरे, नखरे म्हणत होतो ते दुखणं होतं. दाढा कानशीनं घासून झाल्या, जंताचं औषध झालं, आणि मग त्यांनी दाणा निम्म्यावर आणायला सांगितला. अक्काला ते पटेना. वाळलेल्या जनावराचं खाणं कमी करायचं?

त्यांनी समजावलं ते मला चांगलं लक्षात राहिलंय. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रानात घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो, रात्रीही चरतो, झोपतो जेमतेम तीन तास. चघळताना सुटणारी लाळ नि पोटातलं गवत हेच त्याचं त्या आम्लापासूनचं रक्षण. पाच-सहा तास पोट रिकामं राहिलं की आतून जळायला लागतं, फोड येतात, आणि मग दाणा पुढे आला की जनावर तोंड फिरवतं. त्यातून पिष्टाचा दाणा एकदम जास्त पडला तर डोकंही भडकतं आणि पोटशूळही उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. म्हणून साडेचारशे किलोच्या घोडीला रोज आठ-नऊ किलो सुकं गवत, थोडं थोडं, दिवसभर नि रात्रभर. दाणा थोडका, तीन-चार वेळांत वाटून. जास्तीची ताकद तेलातून. तेही चार चमच्यांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. बदल कुठलाही करायचा तो आठ-दहा दिवसांत. भाताच्या पेंढ्यावर भागवायचं नाही. गवत घाटावरून, बेळगावकडून आणायचं ठरलं.

सगळं ऐकून अक्का एकाच शब्दापाशी थांबली. रात्रभर.

अक्का सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवते, मग पाण्याचा थेंब नाही. पन्नास वर्षांत हे मोडलेलं मला आठवत नाही, तापातसुद्धा नाही. घरात रात्री चूल पेटत नाही. घोडीची बादलीही संध्याकाळी उचलली जायची आणि सकाळी पूजा आटोपल्यावर पुढे यायची. म्हणजे तेरा-चौदा तास. कुणी हे ठरवून केलं नव्हतं. घराची घडीच तशी, घोडी त्या घडीत बसवली गेली.

देखभालीला ठेवलेला म्हातारा एकदा न राहवून म्हणाला, "माई, घोडं काय चातुर्मास पाळतंय व्हय?" अक्काला राग आला. रागाचं कारण माझ्या मते असं, की प्रश्न बरोबर होता.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, आपल्या मुली ते पाठशाळेत पाठ करतात. बांधून घालणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचं खाणंपिणं रोखणं. चौथ्यासाठी अक्कानं भाच्याशी भांडण केलं होतं. घोडी भरेपर्यंत पाठीवर बसायचं नाही म्हणून खोगीर कपाटात बंद करून किल्ली कनवटीला लावली. आणि पाचवा तिच्याच हातून रोज संध्याकाळी होत होता, व्रत पाळण्याच्या नावानं.

मी तिला म्हटलं, "अक्का, तू रात्री जेवत नाहीस ते तुझं व्रत. भूक तुझी, संयम तुझा. घोडीनं कुठल्या महाराजांसमोर नियम घेतला? जिनं स्वतःहून काही सोडलं नाही तिच्या पुढ्यातलं काढून घेतलं तर त्याला उपवास नाही म्हणत, उपासमार म्हणतात."

ती म्हणाली, "रात्री गवत घालताना किडामुंगी दिसत नाही. ती घोडीच्या तोंडात जाईल. घालणारी मी. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही मलाच."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण गवत उजेडी झाडून, पाखडून जाळीत भरून ठेवता येतं, रात्री फक्त टांगायचं. सावधपणा, ज्याला आपण यत्न म्हणतो, तो दिवसा करता येतो. घोडीचं पोट मात्र दिवसावर ढकलता येत नाही.

गाजरांचं तसं नव्हे. घोड्याला गाजर फार प्रिय आणि चोखंदळ जनावराला दाण्याकडे वळवायला सगळे तेच सुचवतात. आमच्या घरात कंदमूळ येत नाही. भाचा म्हणाला, रात्रीचं जमवलंत, मग गाजरानं काय बिघडतं? इथं मात्र मी अक्काच्या बाजूनं. गवत ही तिची गरज आहे, गाजर ही फक्त लालूच. कलिंगडाच्या साली, सफरचंदाची फोड, गुळाचा खडा यांवर तीच घोडी तितक्याच आनंदानं आली. दुसऱ्याच्या जीवावर बेतत नाही तिथं आपला नियम आपण सोडू नये, आणि जिथं बेततं तिथं नियमाचा आडोसा घेऊ नये. ही रेघ प्रत्येक वेळी इतकी सरळ दिसते असं नाही. तेल-गुळाच्या घाण्यातले जीव मोजायला बसलं तर मीही गप्प होईन.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती अक्कालाच सुचली. घोडी एकटी होती. चार दानांत आहाराच्या जोडीनं अभय सांगितलंय. अक्का म्हणाली, हिला आहार देतोय पण अभय कुठं? तिनं ठाण रस्त्याकडून मागच्या बाजूला, गाईच्या गोठ्याशेजारी हलवलं आणि मधल्या भिंतीचा वरचा भाग काढायला लावला. गाय दिसायला लागल्यावर येरझाऱ्या कमी झाल्या. खाता खाता मान वर करून गाय आहे ना बघायची, आणि परत खाली. मुनींना आहार देताना अंतराय आला तर आपला जीव कासावीस होतो, चुकलं आपलंच कुठंतरी असं वाटतं, महाराजांना कुणी खोडकर म्हणत नाही. अक्का आता घोडीनं बादली सोडली की तसंच म्हणते, "बघा काय चुकलं आपलं."

दसऱ्याला गेले तेव्हा बरगड्या हाताला लागत होत्या, डोळ्याला दिसत नव्हत्या. खोगिराची किल्ली अजून कनवटीलाच होती.

अक्काचं जेवण दिवसाउजेडी झालं. साडेनवाला ती विजेरी घेऊन उठली, दुपारी भरून ठेवलेली जाळी एकदा पुन्हा उजेडात फिरवून पाहिली आणि टांगून आली. नंतर बराच वेळ अंधारातून गवत चघळल्याचा आवाज येत होता.

गाजरं तो म्हातारा आणतो, स्वतःच्या पिशवीतून, स्वतःच्या पैशानं. अक्का त्या वेळी नेमकी तुळशीकडे काहीतरी करत असते. ही अनुमोदना झाली की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.