न मागणारी भूक

अन्नदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ते श्रेष्ठ कशामुळे? देणाऱ्यास लाभणाऱ्या पुण्यामुळे, की घेणाऱ्याच्या देहात त्या अन्नाचे जे होते त्यामुळे? वरवर पाहता दोन्ही उत्तरे एकच वाटतात. पंगतीतील भुकेल्याचे पोट भरले की दात्याचा संकल्पही पुरा होतो. तथापि एक वर्ग असा आहे की, ज्याच्या बाबतीत ही उत्तरे एकमेकांपासून दूर जातात. तो म्हणजे दहा ते एकोणीस वर्षांची मुले, आणि त्यांतही मुली.

सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार आला आहे. अन्नदानात मात्र पात्राची चौकशी करू नये, भूक हीच पात्रता, असा संकेत आपल्याकडे रूढ झाला. संकेत उदार आहे यात शंका नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. भुकेला मनुष्य दाराशी येईल, पानावर बसेल, वाढा म्हणेल, असे आपण धरून चालतो. तान्हे मूल रडते, भिक्षेकरी हाक मारतो. वाढत्या वयाच्या मुलीची भूक अशी बोलत नाही. तिचे पोट भाताने भरलेले असते, आपण उपाशी आहोत असे तिला स्वतःलाही वाटत नाही. आणि तरीही रक्तात लोह नसते. जिना चढताना तिला धाप लागते, वर्गात डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, पोर आळशी झाली आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत मुलींचा आकडा ५४.१ होता. म्हणजे तो उतरावयाचा सोडून चढला. प्रौढ मनुष्याच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन ज्या वयात देहावर चढते, त्याच वयातली ही स्थिती आहे. पुढे हीच मुलगी आई होते आणि तिच्या अंगातली उणीव बाळाकडे जाते.

आपल्या समाजास या वयाची जाण कधीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवावे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, ही व्यवस्था वाढत्या मुलाच्या अन्नाचीच होती. तिच्यात दोन उणिवा होत्या. ती बहुधा जातीच्या कुंपणात राहिली, आणि मुलींना तिच्यात जागा नव्हती. पहिले कुंपण कर्मवीर भाऊराव पाटलांनी मोडले. १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली, मुलांचे जेवण चालावे म्हणून घरोघरची मूठमूठ धान्य गोळा केले, आणि एका अडचणीच्या वेळी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही त्यासाठी गेले. आमच्या कर्नाटकात तुमकुरूच्या सिद्धगंगा मठाने दासोहाच्या परंपरेतून हजारो विद्यार्थ्यांस जेवू घातले आहे. दुसरे कुंपण अजून पुरते मोडलेले नाही.

सरकार हे काम करीत आहे, मग देवस्थानाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. सरकारचे काम मोठे आहे. पण त्याच्या रेषा कागदावर आखलेल्या असतात. केंद्राच्या योजनेचे शाळेतील जेवण आठवीपर्यंत मिळते. कर्नाटकाने ते स्वखर्चाने दहावीपर्यंत नेले. पलीकडे चंदगडातील मुलीस आठवी संपताच ते थांबते. तेराव्या-चौदाव्या वर्षी भूक वाढते आणि ताट उचलले जाते! शाळेतून आठवड्यास लोहाची निळी गोळी मिळते खरी, पण मळमळते, शौचास काळे होते, म्हणून ती पुष्कळदा खिडकीबाहेर जाते. ती का घ्यावयाची, जेवल्यानंतर घ्यावी, वर लगेच चहा पिऊ नये, हे सांगण्यास आई, शेजारीण, शिक्षिका अशी ओळखीची माणसे लागतात. ते काम शासकीय पत्रकाने होत नाही.

आता अंड्याचा प्रश्न. २०२१ साली कर्नाटकाच्या सात जिल्ह्यांत शाळेतील जेवणात अंडे देण्यास आरंभ झाला, २०२२ मध्ये ते राज्यभर झाले. न खाणाऱ्यास केळे मिळते. तरीही काही मठाधिपतींनी विरोध केला, आणि आपल्या मंडळींतही त्यास दुजोरा देणारे पुष्कळ आहेत. मी पुजाऱ्याच्या घरातला आहे. आमच्या घरात अंडे येत नाही, येणारही नाही. परंतु व्रत हे ते धरणाऱ्यास बांधते, दुसऱ्याच्या लेकरास नव्हे. ज्या घरांत अंडे पूर्वापार खातात, पण विकत घेण्याची ऐपत नाही, त्या घरच्या मुलीच्या ताटातून ते माझ्या शुद्धतेसाठी काढावयाचे, हा धर्म कोणता? शास्त्रकारांनी तर व्रतवैकल्यांतही बाल, वृद्ध व आतुर यांस सूट दिली आहे.

देवळाच्या मुदपाकखान्यात अंडी शिजवा, असे कोणी म्हणत नाही. पण मग शुद्धता पाळण्याचा खर्च आपण सोसला पाहिजे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक-सव्वा. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिने अंड्याइतकी मिळतात, जरी गुणाने अंडे सरस असले तरी. तेव्हा महाप्रसादात भात, शिरा आणि पातळ आमटी एवढ्यावर न थांबता मोडाची मटकी, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि लिंबाची फोड यावी. लिंबाने अन्नातील लोह अंगी लागते. शिऱ्यातील तुपात थोडी काटकसर केली तर देव रागावेल असे मला वाटत नाही. यजमान कदाचित रागावतील.

आणखी एक गोष्ट कार्यकारी मंडळापुढे ठेवावीशी वाटते. उत्सवाच्या दिवशी भाजी निवडण्यास, पाने मांडण्यास, पाणी वाढण्यास याच वयाच्या मुली पहाटेपासून राबतात, आणि शेवटच्या पंगतीस बसतात. तोवर उसळ संपलेली असते, भाजीचा रस उरतो, भात मात्र हवा तेवढा असतो. येत्या उत्सवापासून त्या पहिल्या पंगतीस बसाव्यात, आणि त्यांना आपण कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी वाढावे.